पायाळू वामनराव

वामनराव खळदकरांनी मला चेहऱ्यावरून कधीच ओळखलं नाही. समोरून आलो, की न थांबणारी मेल चिंचवड स्टेशनाकडे बघते तसे ते माझ्याकडे बघत आणि निघून जात. मी चार पावलं पुढे गेलो, की मागून आरोळी यायची, "अहो देवधर! उजवा खांदा अजून उतरलेलाच आहे की!" पाठ दिसली, की त्यांना माणूस पटत असे.

या सवयीपायी त्यांनी एक लग्न जवळजवळ मोडलं होतं. वरात देवळाकडे निघाली होती. नवरामुलगा घोड्यावर, वामनराव पाठीमागच्या गर्दीत. मुंडावळ्या बांधलेलं तोंड त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता, पण पाठ दिसली आणि त्यांना प्रेमाचं भरतं आलं. "अरे, हा तर आपला कमरेवाला!" ते ओरडले. "काय रे, बसवतंय का आता सरळ?" वाजंत्री थांबली. मुलीच्या बापाला मुलाची कंबर हा विषय नवीन होता. पुढचा अर्धा तास घोडा, नवरा आणि दोन्हीकडचे मामा रस्त्यात उभे होते.

याचं कारण वामनरावांच्या जन्मात होतं. ते पायाळू. म्हणजे या जगात येताना त्यांनी आधी पाय पुढे केले होते आणि डोकं मागून आणलं होतं. पायाळू माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण जाते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना उसण भरली की आपोआप कळायचं. पिंपरीला तेव्हा नवेनवे कारखाने उभे राहत होते. काल-परवापर्यंत नांगर धरणारी माणसं खाकी कपडे घालून शिफ्टला जायची, पेटारे उचलायची आणि संध्याकाळी चौकोनी होऊन परत यायची. कारखान्याच्या दवाखान्यात त्यांना चोळायला मलम मिळे. ते मलम घरी बायकोला देऊन मंडळी सकाळी वामनरावांच्या दारात हजर.

त्यांचं घर आमच्या शेजारी, चिंचवडच्या गावठाणात. दोन खोल्या, पुढे अंगण. अंगणात एक गोणपाट. "करा पाठ!" एवढंच ते म्हणायचे. नमस्कार नाही, बसा नाही, काय होतंय नाही. माणूस गोणपाटावर पालथा पडला, की वामनराव तांब्यातल्या पाण्यानं डावा पाय धुवायचे, पंच्यानं पुसायचे, डोळे मिटायचे आणि अंगठा बरोबर दुखऱ्या जागी टेकवून एक झटका द्यायचे. माणूस "आयाई गं!" करून उठायचा. मग खरी मजा. माणसाला पाय लागला म्हणजे पाप, म्हणून वामनराव लगेच वाकून त्याच्या पाया पडायचे. आधी लाथ आणि मग नमस्कार. ज्याला लाथ मारली तोही गडबडून त्यांच्या पाया पडायचा. मग वामनरावांना पुन्हा पडावं लागायचं, कारण वयानं मोठा असेल तर कसं चालेल? सकाळच्या वेळी आमच्या शेजारी दोन माणसं एकमेकांसमोर उठताबसताना दिसली, की समजायचं, उसण गेली.

एकदा एक मोटार आली. कुठल्याशा कारखान्यातले कोणी मोठे साहेब आले होते. सूट, टाय, तोंडात पाइप. ते उतरले ते काटकोनात आणि काटकोनातच चालत अंगणात आले. "धिस इज ऑल सुपरस्टिशन, यू नो," ते मला म्हणाले.

"व्हय साहेब," रांगेतला एक जण म्हणाला, "पर आमच्या मागं नंबर लावा."

साहेबांनी नंबर लावला. गोणपाटावर पालथे झाले. उठले ते सरळ. जाताना मला हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नका." मी कुणाला बोललो नाही. फक्त गावाला बोललो.

पायाळूपणाचे तोटेही होते. पायाळू माणसावर वीज पडते, असाही समज. त्यामुळे आभाळ गडगडलं, की वामनरावांच्या अंगणातली रांग जादूनं नाहीशी व्हायची. पाठीत कळ असलेली माणसंसुद्धा हरणासारखी पळत. स्टेशनात ते पार्सल क्लार्क होते. पावसाळी हवेत त्यांच्या टेबलाभोवती कुणी फिरकत नसे. हमाल लांबूनच पार्सलं सरकवायचे. या विजेपायीच त्यांना कुणी मुलगी दिली नाही, असं माझी आई सांगायची. "विधवा करायला कोण देणार पोर?" वामनराव याबद्दल कधी बोलले नाहीत. विजेनंही काही मनावर घेतलं नाही. ते पन्नाशीला आले, वीज मात्र कधी त्यांच्या वाटेला गेली नाही, आणि मुलीकडचेही कोणी नाही.

आता गणपत पैलवानाचं सांगतो, कारण वामनरावांनी आयुष्यात एकदाच पाय परत घेतला तो त्याच्या पाठीवरून.

गणपत पुनावळ्याचा. एकेकाळचा नावाजलेला मल्ल. त्याची पाठ कोणत्याही आखाड्यात मातीला लागली नव्हती, आणि हे तो पाणी मागतानासुद्धा सांगायचा. आता पन्नाशी उलटली होती, कारखान्यात राखणदार होता, पण मिशा आणि मान तीच. एका रविवारी सकाळी तो सायकल हाणत आला. त्या दिवशी चाकणला कुस्त्यांचा फड होता आणि तिथं तो पंच म्हणून जाणार होता. वामनरावांची रांग संपली होती. अंगणात मी होतो, आणि कुंपणापलीकडे गोदूताई. गोदूताई म्हणजे आमच्या आळीच्या वैद्य. त्यांच्या औषधांत दोनच वस्तू, ओवा आणि हिंग, आणि रोगही दोनच, वायू आणि दृष्ट.

"पार्सलबाबू, लौकर पाय लावा," पैलवान म्हणाला. "काल पोतं उचललं, तवाधरनं पाठीत भरलंय. चाकणची गाडी गाठायचीय."

"करा पाठ!"

पैलवान गोणपाटावर पालथा झाला. गोणपाट दिसेनासं झालं. वामनरावांनी पाय धुतला, पुसला, डोळे मिटले, अंगठा दोन खांद्यांच्या मध्ये टेकवला. आणि झटका दिलाच नाही. नुसता पाय ठेवून उभे राहिले. मग त्यांनी पाय थोडा खाली सरकवला, थोडा डावीकडे. डोळे उघडले. पायाचा तळवा वर करून बघितला. तो ओला होता.

"इथं दाबल्यावर दुखतं?"

"न्हाई."

"इथं?"

"दाबून न्हाई दुखत, बाबू. आतनंच दुखतंय. पुढनं छातीतनं आल्यावानी. मारा की लाथ!"

वामनरावांनी पाय काढून घेतला. "उठू नका," ते म्हणाले. "ही उसण नाही."

"मग काय हाय?"

"ते मला माहीत नाही. उसण भरलेली पाठ पाय लावायच्या आधीच उडी मारते. ही मुकाट पडून आहे. आणि घाम बघा, विहिरीच्या दगडासारखा गार."

पैलवान अर्थातच उठला. चेहरा राखेसारखा झाला होता. एक हात छातीवर, दुसरा लोंबत. त्यानं डावा हात झटकला, जबडा चोळला आणि मोठ्यांदा ढेकर दिला.

"बघा! वायू!" गोदूताई कुंपणापलीकडून विजयानं म्हणाल्या. "आणते हिंग. बेंबीत घाला, आत्ता मोकळा होईल."

"वायू तर वायू," पैलवान म्हणाला. "बैठका मारल्या की सुटंल." तालमीत वाढलेल्या माणसाचं हे एकच औषध. ताप आला, बैठका. सर्दी झाली, बैठका. त्यानं धोतराचा काचा घट्ट केला आणि तिथेच अंगणात खाली बसला. उठताना मात्र तोंड उघडंच राहिलं. हवा आत जाईना.

"गणपत!" वामनराव ओरडले. त्यांचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता, आणि पैलवानाला त्यांनी एकेरी हाक मारलेलीही ऐकली नव्हती. "खाली बस! एक पाऊल टाकायचं नाही!"

आवाज ऐकून आळी जमली. तमाशा असला की आमच्या आळीत कोणाचं काम अडत नाही. प्रत्येकानं एकेक रोग आणला. एक म्हणाला बेंबी सरकली, पोटावर तांब्या लावा. दुसरा म्हणाला पित्त, ओकारी काढा. तिसरा म्हणाला, पैलवानाला सायकलवरून फिरवून आणा, घाम जिरेल. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की वामनरावांनी लाथ मारायला पाहिजे होती.

"पाय थकला का काय पायाळूचा?"

"पैलवानाला भ्याले असतील. उठून दिली एक, मग?"

"अहो, साहेबाला मारता आणि आपल्या माणसाला नाही?"

पैलवानालाही ते लागलं. "माझ्या पाठीला पाय लावायला घाबरता व्हय?" तो धापा टाकत म्हणाला. "मी निघालो. चाकणला थांबलेत लोक." आणि तो सायकलीकडे हात पुढे करून उठू लागला.

वामनराव काटकुळे. गणपतच्या एका मांडीत दोन वामनराव बसले असते. पण ते सायकलीच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिले. "माझ्या दारातून तू आज चालत जाणार नाहीस," ते म्हणाले. "शिव्या दे, मार. पण चालायचं नाही. चाकणला जाशील आणि आखाड्याच्या कडेला पडशील. मला तुझं प्रेत तिथून आणवायचं नाही." मग मान न वळवता मला म्हणाले, "देवधर, याची सायकल घ्या. पिंपरीच्या कँपातले डॉक्टर. जसे असतील तसे आणा."

सायकल काढताना मी ऐकलं ते असं. वामनराव म्हणाले, "आडवा हो." पैलवान म्हणाला, "न्हाई." इतक्या दुखण्यातही तो हात जोडत होता. "एवढ्या लोकांदेखत गणपतला पाठ टेकवायला लावू नका, बाबू. आजवर कुनी टेकवली न्हाई."

वामनराव भिंतीला टेकून खाली बसले, पाय लांब केले आणि म्हणाले, "जमिनीला कोण टेकवतंय? मला टेक."

मी पैलवानाच्या सायकलवरून निघालो. तिच्या सीटवर बसलो तर पाय पॅडलला पोचत नव्हते, आणि पॅडल मारावं तर सीट लागत नव्हती. पिंपरीपर्यंत मी उभाच गेलो. डॉक्टर मीरचंदानी फाळणीनंतर कराचीहून आलेले. कँपातल्या एका खोलीत त्यांचा दवाखाना होता. गावातली माणसं त्यांच्याकडे सहसा जात नसत, कारण ते तपासताना लोकांना गप्प बसायला सांगत, आणि असला माणूस डॉक्टर कसा असेल, असं आमचं मत. मी घाम, छाती, डावा हात, जबडा असं धापा टाकत सांगितलं. त्यांनी पुढचं ऐकलंच नाही. बॅग उचलली आणि मला मोटारसायकलवर मागे बसवलं.

परत आलो तेव्हा अंगणात चमत्कारिक शांतता होती. भिंतीला टेकून पैलवान अर्धवट बसला होता, डोळे मिटून. त्याच्या मागून दोन बारीक हात येऊन त्याच्या छातीपाशी जुळले होते. वामनराव असे दिसतच नव्हते. गोदूताई हिंगाची डबी हातात तशीच धरून उभ्या होत्या. "मागं जिवंत आहेत का बघा हो," त्या मला म्हणाल्या. "मघापासून काही बोलले नाहीत. नुसतं 'हळू श्वास घे, हळू' एवढंच."

डॉक्टरांनी तपासलं, सुई टोचली, आणि उठून त्यांच्या तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाले, "हार्टचा अटॅक आहे. हा चाकणला पोचला नसता." मग गर्दीकडे बघून, "गप बसा सगळे." आणि पहिल्यांदाच आमची आळी गप्प बसली.

"घरी नेऊ?" कुणीतरी विचारलं.

"इथून हलवायचा नाही. महिना-दीड महिना पाठीवर झोपणार. उठणार नाही, बसणार नाही, शौचाला पण जाणार नाही."

पैलवानानं डोळे उघडले. "पाठीवर?"

"खाटेवर, गणपत," वामनराव मागून घुसमटलेल्या आवाजात म्हणाले. "खाट म्हणजे माती नव्हे."

अशा रीतीनं गणपत पैलवानाचा मुक्काम वामनरावांच्या पुढच्या खोलीत पडला. त्याची बायको रोज दूध घेऊन यायची, दुपारी परत जायची. बाकी सगळं वामनराव बघायचे. डॉक्टरांनी त्यांना काय काय विचारायचं ते पढवून ठेवलं होतं. छातीवर दडपण, गार घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ. यातलं काही दिसलं की लगेच निरोप. वामनराव सकाळी कामावर जाताना विचारायचे, आल्यावर विचारायचे. पेज भरवायचे, अंग पुसायचे. दुपारच्या सुट्टीत स्टेशनातून पळत यायचे. पैलवान उताणा पडून त्यांना जुन्या कुस्त्या सांगायचा, आणि वामनराव, ज्यांना कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं, "मग? मग काय केलंस?" असं विचारायचे. कुशीवर वळायचीही बंदी, त्यामुळे पैलवानाची पाठ त्यांना दिसतच नव्हती. वामनरावांना आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाचं तोंड ओळखता यायला लागलं. एकदा मला म्हणाले, "देवधर, तुम्हाला माहीत आहे? गणपतच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे." एखादा नवा ग्रह सापडल्यासारखं.

आळीत मात्र हाहाकार उडाला होता. जो तो हृदयाचा तज्ज्ञ झाला. गोदूताईंनी हिंग सोडला आणि भाजीवालीच्या कपाळाला हात लावून "घाम गार आहे का गं?" असं विचारायला सुरुवात केली. "उन्हातनं आलीया बाई, गार कुठला?" ती बिचारी म्हणायची. पाठीत उसण भरलेल्या लोकांनी वामनरावांकडे जाणं सोडलं. न जाणो, पाठ दाखवायला जावं आणि त्यांनी दीड महिना खाटेवर टाकावं! शिफ्ट बुडेल, ओव्हरटाइम जाईल. लोकांना लाथ हवी होती, रोग नको होता. अंगणातलं गोणपाट गुंडाळून कोपऱ्यात गेलं. वामनरावांच्या ते लक्षात आल्याचं दिसलं नाही. त्यांना वेळ कुठे होता?

मग एके सकाळी डॉक्टरांनी पैलवानाला घरी जायची परवानगी दिली. पुनावळ्याहून गाडी आली. तळाला गवत, वर गोधड्या. पैलवानाचा थोरला मुलगा बैलांपाशी उभा होता. आळी निरोप द्यायला जमली. पैलवान भिंत धरून सावकाश उंबऱ्यापर्यंत आला. बराच उतरला होता, मिशा तेवढ्या शिल्लक होत्या.

"थांब," वामनराव म्हणाले. "जायच्या आधी विचारायला पाहिजे."

"सकाळीच इचारलं की, बाबू."

"ते सकाळचं झालं. छातीवर दडपण?"

"न्हाई."

"घाम?"

"न्हाई."

"धाप? एवढं चालत आलास तर?"

"कुठं काय. मस्त हाय की!"

लोक खूश होऊन माना डोलावत होते. मी वामनरावांकडे बघत होतो. प्रत्येक उत्तराला त्यांचा आवाज एकेक पायरी खाली उतरत होता.

"जबडा?" त्यांनी विचारलं. "नीट आठव. घाई करू नकोस. डाव्या हातात काही? कोपराखाली?" आणि मग अगदी हळू, "करंगळीत तरी?"

पैलवान उत्तर द्यायला तोंड उघडणार, तो थांबला. त्यानं वामनरावांकडे बघितलं. मग मागे वळून खोलीत बघितलं. भिंतीशी धुऊन पालथी ठेवलेली दोन ताटं होती. खुंटीवर एकट्याचा सदरा होता. त्यानं डावा हात डोळ्यांसमोर धरला आणि करंगळी वाकवून, सरळ करून, पुन्हा वाकवून पाहिली.

"हाय," तो म्हणाला.

"कळ आहे?"

"मुंग्या म्हना. वाईच. पर हायत."

"मग आज प्रवास नको," वामनराव इतक्या घाईनं म्हणाले, की शब्द एकमेकांवर आपटले.

"बैल सोड रं," पैलवानानं मुलाला सांगितलं. "आन आईला म्हनावं, आनखी चार दिस."

"आबा, पर डाक्टर म्हनलं की सगळं बरं—"

"डाक्टरला काय कळतंय करंगळीतलं? सोड म्हनतो ना."

वामनराव चुलीशी गेले होते. आतून तांदळाच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. पैलवान माझ्याजवळ वाकला.

"देवधर," त्यानं कुजबुजत विचारलं, "करंगळीला व्हतं का हो असलं काही?"

"कुणाला ठाऊक," मी म्हणालो.

"असू द्या," तो म्हणाला, आणि डावा हात उजव्या हातात जपून धरून सावकाश आत गेला.